चौथी वस्तू

नदीकाठच्या एका मठात एक शिष्य राहत असे, आणि या जगात त्याच्या मालकीच्या एकूण तीन वस्तू होत्या. एक कांबळं, एक तांब्या आणि एक जादा पंचा. वय तिशीपलीकडचं, बुद्धी तल्लख. घरदार आणि जमीन भावांच्या हवाली करून तो मठात आला होता. ही गोष्ट तो आपणहून कुणाला सांगत नसे. कुणी विचारलंच, तर मात्र बऱ्यापैकी विस्ताराने सांगत असे.

मठाचे वृद्ध महाराज दर एकादशीला सकाळी अपरिग्रहावर निरूपण करीत. आपल्यापाशी काही साठवून ठेवू नये, एवढाच त्याचा साधा अर्थ. ज्याच्यापाशी काही उरलं नाही, त्यालाच ते दीक्षा देत. शिष्याचे डोळे त्या दीक्षेकडे लागले होते. म्हणून एका एकादशीला त्याने कांबळं दान केलं, पुढच्या एकादशीला तांब्या आणि तिसऱ्या एकादशीला पंचा. प्रत्येक वेळी महाराज विचारीत, “अजून काही उरलं?”

“काही नाही, महाराज,” शिष्य ताठ मानेने सांगे.

“एक वस्तू आहे रे अजून,” असं म्हणून महाराज गोठ्याकडे वळत. तिसऱ्या खेपेला शिष्याने खोलीत जाऊन मठाने दिलेली रिकामी झोळी उलटी करून झटकली. धुळीखेरीज काही पडलं नाही. त्याला मनापासून राग आला.

आता या एकादशीचीच एक कामाची बाजू होती. त्या दिवशी मठात बटाट्याचा शिरा होई. शिऱ्याला बटाटा लोण्यासारखा मऊ कुस्करलेला हवा, आणि गार झाला की त्याच्या गुठळ्या राहतात. म्हणून उकडलेला बटाटा कढत असतानाच सोलावा लागे. शिष्य आणि सरूकाकू, अशा दोघांना एकेक टोपली वाटून दिलेली असे. आपली टोपली संपली की निरूपणाला जायचं, असा नियम. सरूकाकू सत्तरीच्या, बोटं आखडलेली. निरूपण ऐकायला मिळावं म्हणून त्या मठात येऊन राहिल्या होत्या. पण बटाटे सोलून संपेपर्यंत तिकडे आरतीची घंटा वाजायची.

शिष्य मात्र हल्ली सर्वांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसे. चार महिन्यांपूर्वी, सणाला पुरण वाटताना पाहून त्याला एक युक्ती सुचली होती. तेव्हापासून तो आपली टोपली कोठीच्या खोलीत नेई आणि दार लोटून घेई. आपण काही लपवत नाही, कुणी विचारत नाही एवढंच, असं त्याने स्वतःला पटवलं होतं. खरं तर सगळेच लवकर आले, तर आपल्या पहिल्या रांगेचं काय, ही धाकधूक त्याच्या मनात होती.

चौथ्या एकादशीला मंडळी जमली. महाराजांनी पोथी उघडली, क्षणभर पाहिलं आणि मिटून ठेवली. मग ते उठले आणि काही न बोलता सरळ स्वयंपाकघरात जाऊन सरूकाकूंशेजारी बसले. त्यांनी टोपलीतला वाफाळता बटाटा उचलला आणि नखाने साल ओढू लागले. बोटं लाल झाली. ते फुंकर घालत आणि पुन्हा सोलत.

मागोमाग धावत आलेला शिष्य कळवळला. “महाराज, हे काय? भाजेल तुम्हाला!”

“काकूंना भाजत नाही होय?” महाराज म्हणाले.

शिष्य तिथेच थबकला. सरूकाकूंच्या बोटांकडे त्याने आज पहिल्यांदा पाहिलं. त्याला लाज वाटली. तो कोठीत गेला आणि पुरणाची चाळण घेऊन आला. ती परातीवर ठेवून त्याने बटाट्याचे विळीवर दोन भाग केले, एक भाग चाळणीवर पालथा ठेवला आणि वाटीच्या बुडाने दाबला. मऊ गर खाली परातीत उतरला. साल तेवढी वर राहिली.

“अगं बाई! एवढंच होय?” सरूकाकूंनी वाटी त्याच्या हातातून घेतलीच. सोलणं आणि कुस्करणं एकदमच होत होतं. बघता बघता टोपलीचा तळ दिसू लागला.

“तुम्हाला ठाऊक होतं?” शिष्याने मान खाली घालून महाराजांना विचारलं.

“युक्ती ठाऊक नव्हती. पण गाईला सालं मीच घालतो. काकूंच्या सालांच्या चिंध्या असतात, तुझ्या सालांच्या अख्ख्या वाट्या. तेव्हा तुझ्यापाशी काहीतरी आहे, हे कळलं. बाळा, कांबळं दिल्यावर आपल्याला थंडी वाजते, म्हणून ते दिल्याचं लक्षात राहतं. ही युक्ती तर दिल्यावरही तुझ्यापाशी तशीच राहणार होती. जे देऊन कमी होत नाही, तेच तू दाराआड जपलंस. तीच तुझी चौथी वस्तू.”

सरूकाकूंनी वाटी खाली ठेवली. “आणि महाराज, तुम्ही? तुम्हाला कळलं होतं, तर याला तेव्हाच का नाही विचारलंत? तुमचं कोडं सुटेपर्यंत बोटं माझी भाजली की!”

महाराजांनी हात जोडले. “खरं आहे, काकू. याची परीक्षा घेण्याच्या नादात मीही तेच केलं. चुकलोच.”

त्या दिवशी निरूपण उशिरा सुरू झालं. सरूकाकू पहिल्या रांगेत बसल्या, हाताला तूप लावून. शिष्याला दाराशी जागा मिळाली. निरूपण संपल्यावर महाराजांनी त्याला जवळ बोलावलं आणि नेहमीचाच प्रश्न विचारला, “अजून काही उरलं?”



“बघून सांगतो, महाराज,” शिष्य या वेळी म्हणाला.

महाराजांनी त्याला त्याच दिवशी दीक्षा दिली.