पाडव्याचं माप

एकदा एक निवाडा चुकला. चूक आचार्यांची होती. व्यापाऱ्याची त्यानंतर, आणि नशिबाची अजिबात नाही. हे आधीच सांगतो, कारण असल्या गोष्टींत शेवटी म्हातारा बरोबर निघतो अशी आपल्याला सवय लागली आहे.

एक व्यापारी आणि त्याची बायको विभक्त झाले आणि निवाड्यासाठी आश्रमातल्या आचार्यांकडे आले. त्यांची तीन वर्षांची मुलगी यमुनी आईकडे राहिली. आचार्यांनी तिची दोन्ही पावलं फळीवर ठेवून कोळशाने भोवती रेघ ओढली. म्हणाले, "बापाने दर पाडव्याला या मापाच्या वहाणा द्याव्यात. दर महिन्याला दोन पायल्या ज्वारी." फळी आश्रमाच्या भिंतीवर टांगली गेली. गाव म्हणालं, काय न्याय!

दोन वर्षांनी व्यापारी रडत आला. "धंदा बसला, महाराज." आचार्यांनी दोनाची एक पायली केली. पुढे धंदा सावरला, एका दुकानाची तीन झाली. हे सांगायला तो आला नाही. आचार्यांनीही विचारलं नाही.

यमुनी नऊ वर्षांची झाली तेव्हा आई आली. पदरात वहाणांचे सहा जोड, सगळे तीन वर्षांच्या पोरीचे.

"यातला एकही पायात जात नाही. ज्वारी पंधरा दिवसांत संपते. माप वाढवा."

"बाई, निवाडा म्हणजे दगडावरची रेघ. आणि तो बिचारा एकाही पाडव्याला चुकला नाही."

"तो नाही चुकला," आई म्हणाली. "पोरगीच चुकली. वाढली." जोड तिथेच टाकून ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी आचार्य स्नानाला निघाले, तर दारात त्यांच्या वहाणा नाहीत. त्या जागी ते चिमुकले जोड. त्यांचा शिष्य पायरीवर बसलेला.

"माझ्या वहाणा कुठे आहेत?"

"याच घाला. निवाड्यातल्या आहेत. बसत नसतील तर तुमचा पाय चुकला."

"वयाचा मान ठेव!"

"ठेवला, म्हणूनच सहा वर्षं गेली. बाप रडला तेव्हा रेघ कोळशाची होती. आई आली की दगडाची?"

आचार्य अनवाणीच नदीवर गेले. परतले तेव्हा तळवे सोलले होते. म्हणाले, "मूल वाढतं. बापाची ऐपत चढते, उतरते. निवाड्याने त्या दोघांच्या मागे चालत राहावं. बदल मागणं म्हणजे शब्द मोडणं नव्हे. येत्या पाडव्याला त्यांना बोलाव, नवं माप घेऊ."

"आज का नको?"

"माप पाडव्यालाच घ्यायची रीत आहे."

पाडव्याला चार महिने होते. तिसऱ्या महिन्यात, शेळ्यांमागे अनवाणी फिरताना, यमुनीच्या पायात बाभळीचा काटा मोडला. पाय सडला. वैद्याने तो घोट्यापासून कापला.

पाडव्याला आईने तिला कडेवर आणलं. आचार्यांनी नवी फळी मांडली, कोळसा घेतला. फळीवर एकच पाऊल उमटलं.

शिष्य त्याच दिवशी आश्रम सोडून गेला. आचार्य पुढे अकरा वर्षं जगले. त्यांच्याकडे निवाडा मागायला कोणीही आलं नाही.