टोचरी आणि बोरीचे पान

दाणा हरवलेली चिमणी आणि शेपटी तुटलेला उंदीर हे साखळी गोष्टीचे परिचित नायक-नायिका. त्या रूपांत शेवटी एखादी मुंगी किंवा डास मदतीला येतो आणि साखळी उलटते. माळावरच्या या रूपात हरवते ते पान, आणि मदतीला कोणीच येत नाही; टोचावे लागते ते नायिकेलाच. म्हणून वाचताना ‘टच्च’ अंमळ जोरात म्हणावे.

टोचरी होती काटेरी भुंगेरी. तिळाएवढी. पाठीवर काटेच काटे. तिला अंडे ठेवायचे होते. तिने बोरीचे कोवळे पान निवडले.

तेवढ्यात शेळी आली. कर्र कर्र! पान गट्ट!

“बोरीबाई, बोरीबाई, दुसरं पान दे ना!”

“कुठून देऊ? फुटलं की शेळी खाते. शेळी हटू दे, मग फुटेन.”

शेजारचा करंज हसला. “माझं घे की! पान ते पान.”

“नाही घेणार! माझं बाळ बोरीचंच पान खातं.”

भुर्र भुर्र! टोचरी शेळीकडे गेली.

“शेळीताई, शेळीताई, हट ना! बोर फुटेना. मी अंडं ठेवू कुठं?”

“उपाशी हटू? बाभूळ शेंगा पाडू दे, मग हटेन.”

“नाही हटत? बघतेच!”

भुर्र भुर्र! टोचरी बाभळीकडे गेली.

“बाभूळबाई, बाभूळबाई, शेंगा पाड ना! शेळी हटेना. बोर फुटेना. मी अंडं ठेवू कुठं?”

“आपोआप पडतात होय? बनामावशी आकडीनं हलवू दे, मग पाडीन.”

“नाही पाडत? बघतेच!”

भुर्र भुर्र! टोचरी बनामावशीकडे गेली. मावशी शेळीची मालकीण. भाकर खाऊन सावलीत आडवी झालेली. उशाशी लांब काठी, काठीला आकडी.

“बनामावशी, बनामावशी, ऊठ ना! बाभूळ शेंगा पाडेना. शेळी हटेना. बोर फुटेना. मी अंडं ठेवू कुठं?”

मावशीने एक डोळा उघडला. “अगं बया! तीळ बोलतोय! जा गं, नाही उठत. काय करशील?”

“नाही उठत? बघतेच!”

टोचरी मावशीच्या मानेखाली शिरली. पाठ उंचावली.

टच्च!

“आई गं! उठते, उठते!”

मावशी उठली. आकडी लावली. बाभूळ हलली. टप टप टप! शेंगा पडल्या. शेळी हटली. चार दिवसांत बोर फुटली. लुसलुशीत पान आले.

टोचरीने पानात अंडे ठेवले. अंड्यातून अळी निघाली. चपटी चपटी. पानाच्या दोन पापुद्र्यांमध्ये ती राहिली. आतला हिरवा गर खाऊ लागली. कुर कुर कुर!

शेळी पुन्हा आली. टोचरी पानावर बसली. “खाऊन बघ!”

शेळीने नाक पुढे केले.

टच्च!

शेळी पळाली. थुडुक थुडुक!

अळी मोठी झाली. पानातच तिचा कोष झाला. एका सकाळी पापुद्रा फाटला, आणि बोरीच्या पानातून एक नवी काटेरी भुंगेरी बाहेर आली.