राजाच्या नाकपुड्या

खंबाळगडच्या राजबागेतलं कारंजं बंद पडलं, आणि चार दिवसांवर राजाचे सासरे पाहुणे येणार होते!

राजा भद्रसेनाची झोप उडाली. सासऱ्यांनी लग्नाच्या मांडवात, चारचौघांत विचारलं होतं, "जावईबापू, तुमच्याकडे पाहण्यासारखं काय आहे?" त्याला उत्तर म्हणून राजानं त्यांना मुद्दाम बोलावलं होतं. कारंजं त्याच्या आजोबांनी बांधलेलं. डोंगरातल्या तळ्यापासून बागेपर्यंत जमिनीखालून खापरी नळ, आणि वाटेत पाच उंच दगडी खांब. ना मोट, ना बैल. पाणी आपलं आपण येई आणि दोन पुरुष उंच उडे. आता तोटीतून एक गुळणी बाहेर पडायची आणि मग नुसतं गुरगुरायचं.

राजानं जाणत्यांना बोलावलं. बखरी लिहिणारे बोवाजीपंत म्हणाले की आजोबामहाराज वर स्वर्गात रुसले आहेत. बांधकामाचे मुख्य अधिकारी म्हणाले की तळं म्हातारं झालं आहे. दोघांनाही शालजोडी मिळाली. मग राजानं रखमाजी माळ्याला बोलावलं, कारण शाल एकाला घालायची आणि रागवायचं दुसऱ्यावर, ही त्या दरबाराची जुनी रीत होती.

"चार दिवसांत कारंजं उडालं पाहिजे," राजा म्हणाला. "बागेत कुदळ लावायची नाही. खांबाचा एकही दगड काढायचा नाही. आणि खांबांवरचे माझे पुतळे तसूभरही हलवायचे नाहीत. जमलं नाही तर पाचव्या दिवशी झोपडी रिकामी कर."

त्या झोपडीत रखमाजीच्या तीन पिढ्या गेल्या होत्या. तो घरी येऊन मटकन खाली बसला आणि त्यानं सगळी हकिकत आपल्या मुलीला, गोजराला, सांगितली.

गोजराला कारण ठाऊक होतं. त्यांच्या घरात एक रिवाज होता. दर दसऱ्याच्या आधी माळ्यानं खांबावर चढायचं, वरच्या उघड्या तोंडातून गाळ काढायचा आणि कान लावून आत पाणी कसं चाललंय ते ऐकायचं. आजा म्हणायचा, नळात वारा साठतो, तो या तोंडांतून बाहेर पडतो. खांब श्वास घेतात म्हणून पाणी चालतं. पण गेल्या साली राजानं त्या पाचही तोंडांवर आपले तांब्याचे पोकळ पुतळे बसवले आणि फटींत शिसं ओतून बुजवलं. उघडे खांब बोडके दिसतात म्हणे! शिवाय वर चढायचं तर आता राजाच्या खांद्यावर पाय द्यावा लागणार, म्हणून चढायलाच बंदी झाली.

"हे महाराजांना सांगायचं कोणी?" रखमाजी म्हणाला. "तुमचाच पुतळा आडवा आलाय, असं म्हटलं की माझी मान गेली."

"आपण नाही सांगायचं, आबा," गोजरा म्हणाली. "त्यांनाच सांगू द्या."

तिसऱ्या दिवशी राजा ऐन उन्हात बागेत आला. घसा कोरडा पडला होता. गोजरानं नारळ आणला, त्याचा एकच डोळा टोचला आणि नारळ चांदीच्या पेल्यावर उलटा धरला. दोन थेंब पडले. तिनं हलवला. आणखी एक थेंब पडला.

राजा वैतागला. "अगं, दुसरं भोक पाड! वाऱ्याला वाट मिळाल्याशिवाय पाणी येईल कसं? एवढं शेंबड्या पोरालाही कळतं."

"दुसरं भोक पाडू म्हणता, महाराज?"

"पाड म्हणतो ना!"

तिनं पाडलं, पेला भरला. राजा प्याला, तृप्त झाला. तेव्हा गोजरानं हात जोडले. "महाराज, हे पाचही खांब असेच वाऱ्याला वाट नाही म्हणून अडलेत. तुम्ही आत्ता सांगितलंत तेवढंच करायची परवानगी द्या. कुदळ लावत नाही, दगड काढत नाही, पुतळा हलवत नाही."

बोवाजीपंत आणि मुख्य अधिकारी शालीत तोंड लपवून उभे होते. शेंबड्या पोरालाही कळतं ते आपल्याला कळलं नव्हतं, असं कोण म्हणणार? राजानं मान डोलावली.

सासरे आले. राजा त्यांना घेऊन कारंज्याच्या हौदापाशी बसला आणि त्यानं खूण केली. तळ्याकडचं पाणी सुटलं. तेवढ्यात पाचही खांबांवरून आवाज आला, फुर्रर्र, फुर्रर्र! पाच राजे एकदम घोरू लागले.

"जावईबापू," सासरे म्हणाले, "दरबार चालू असतानाही तुम्ही असेच झोपता का?"

राजानं वर पाहिलं. प्रत्येक पुतळ्याच्या नाकाला गिरमिटानं पाडलेली दोन नेटकी भोकं! राजाचा चेहरा लाल झाला. पण त्याच क्षणी कारंजं उसळलं, दोन पुरुष उंच गेलं आणि सासऱ्यांची पगडी भिजवून खाली आलं. सासरे उठून उभे राहिले, ओल्या मिशांनी "वा!" म्हणाले. असं पाणी त्यांच्या राज्यात नव्हतं.

तरी राजाचा राग उतरेना. त्यानं गोजराला पुढे बोलावलं. "माझ्या नाकाला भोकं पाडलीस?"

"श्वास घ्यायला नाक दिलं होतं, महाराज, नाकपुड्या द्यायच्या राहिल्या होत्या. उरलेलं काम पुरं केलं."

"फार बोलतेस! मग मला सांग, माझे आजोबा एवढे मोठे राजे. हे खांब त्यांनी बांधले. त्यांनी वर आपला एकही पुतळा का बसवला नाही?"

रखमाजीनं डोळे मिटून घेतले.

"त्यांना पाहुण्यांना कारंजं दाखवायचं होतं, महाराज," गोजरा म्हणाली.

 मग सासरे पोट धरून हसू लागले. राजानं ओठ आवळून पाहिले, पण वरचे पाचही जण एका सुरात फुरफुरले, आणि त्यालाही हसू आवरेना. तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला.

दुसऱ्याच दिवशी पुतळे खाली उतरले. तांबटानं त्यांच्या चाळीस झाऱ्या घडवल्या. झोपडी आणि तिच्यामागची पेरूची बाग रखमाजीच्या नावे झाली, आणि पहिली झारी राजानं स्वतः भरून गोजराच्या हाती दिली. बोवाजीपंत आणि मुख्य अधिकाऱ्यांना बागेला पाणी घालायला एकेक झारी मिळाली, शाली तेवढ्या परत घेतल्या.