बिनगाठीचं आभाळ

नदीच्या वळणावर एक इवलंसं गाव होतं, आणि गावाच्या टोकाला त्याहून इवलंसं घर. त्या घरात जिऊ नावाची मुलगी आणि तिची आई तुळसा राहायच्या. तुळसाच्या हातात अशी कला होती, की तिनं काळ्या लुगड्यावर मोर भरला तर पोरं त्याला दाणे टाकायला धावायची. पण मागच्या थंडीत तिला मोठा ताप आला. ताप उतरला, आणि जाता जाता तिच्या उजव्या हाताची बोटं मिटवून गेला. पाचही बोटं तळव्यात घट्ट दुमडून बसली. तेल चोळलं, शेक दिला, पाला बांधला, पण ती काही उघडेनात. मग सुई धरायची कशी? कामं बंद पडली, आणि ताटात भाकरीऐवजी पातळ आंबील आली.

जिऊ मात्र मुळूमुळू रडत बसणाऱ्यांतली नव्हती. "आई, तुझी बोटं उघडणार म्हणजे उघडणार!" असं ती रोज सकाळी ठणकावून सांगायची. आईला सांगतेय की बोटांनाच दम देतेय, तेच कळायचं नाही. भरतकाम तिलाही छान यायचं, आणि छान येतं हे तिला चांगलं ठाऊक होतं. पोलक्याच्या खांद्यावर तिची सुई कायम टोचलेली असायची.

शेजारी, कुंपणापलीकडे, भिवराकाकू राहायच्या. त्याही लुगड्यांवर कशिदा भरायच्या, आणि त्यांची जीभ सुईपेक्षा टोकदार होती. "तुळसाचा हात गेला तो गेलाच," त्या येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायच्या. "आता पोरीला गुरांमागं धाडा म्हणावं." हे कानावर पडलं की जिऊच्या तळपायाची आग मस्तकाला जायची.

एके दिवशी भल्या सकाळी जिऊ काटक्या गोळा करायला ओढ्यापलीकडच्या जुन्या बागेत गेली. दवाचे थेंब पानापानांवर लुकलुकत होते. हिरव्यागार अनंताच्या झाडावर फिकट, मऊ, दुधाळ फुलं उमलली होती. जिऊ वाकली, एवढ्यात करवंदीच्या जाळीतून बारीकसा आवाज आला.

"हळू गं! माझा पंख अडकलाय!"

जिऊनं फांदी बाजूला सारली. बघते तर काय, करंगळीएवढी एक परी! निळा-जांभळा झगमगता झगा, कपाळावर चांदीची टिकली, आणि पाण्यासारखे पातळ दोन पंख. त्यातला एक काट्यावर टरकन फाटला होता.

"रडू नकोस हं," जिऊ म्हणाली. "एवढंसं तर फाटलंय. आत्ता सांधते."

तिनं खांद्याची सुई काढली. दोरा जवळ नव्हता, म्हणून स्वतःच्या डोक्याचा एक लांब केस उपटला, "आई गं" म्हणाली आणि तो सुईत ओवला. फुंकरीनं पंख सरळ करत करत तिनं नाजूक नाजूक टाके घातले. परीनं पंख हलवून पाहिला, मान वळवून तो काळा टाका पुन्हा पुन्हा न्याहाळला, आणि ती खुदकन हसली.

"माझ्या बहिणींपैकी एकीच्याही पंखावर नक्षी नाही! मी चांदणपरी. सांग बाळे, तुला काय हवं?"

"माझ्या आईची बोटं उघडू देत," जिऊ एका दमात म्हणाली. हे मागायला तिला विचार करावा लागला नाही.

"मी नुसतं म्हटलं म्हणून होत नाही गं ते. इच्छा भरावी लागते, आपल्या हातानं." परीनं अनंताच्या पाकळीवरून बोट फिरवलं, तसा एक फिकट, चमचमता दोरा निघत आला, निघतच राहिला. परीनं त्याची गुंडी करून जिऊच्या तळहातावर ठेवली. "काळ्या कापडावर रात्रीचं आभाळ भर, आणि मधोमध हे फूल. पण नीट ऐक. कुठेही गाठ मारायची नाही. कापड दोन्ही बाजूंनी सारखं दिसलं पाहिजे. आणि खरी पहिली चांदणी उगवायच्या आत तुझी शेवटची चांदणी पुरी व्हायला हवी."

"होईल की," जिऊ म्हणाली.

"अजून एक आहे. कापडाची समोरची बाजू तुझी. मागची बाजू ज्या माणसावर तुझा सगळ्यात जास्त राग आहे, त्याची. तुला जे मिळेल ते त्यालाही मिळेल."

जिऊचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे भिवराकाकूंची? त्यांना कशाला?"

"कापडाला कधी एकच बाजू असते का गं?" परी मऊ आवाजात म्हणाली, आणि फुलात शिरून दिसेनाशी झाली.

घरी येताना जिऊनं स्वतःची समजूत घातली. भिवराकाकूंची बोटं तर धडधाकट आहेत. त्यांना मिळून मिळून काय मिळणार!

आईनं काळ्या चंद्रकळेचा उरलेला तुकडा पेटीतून काढून दिला. जिऊ दारातल्या उन्हात बसली आणि कामाला लागली. गाठ न मारता भरायचं म्हणजे जाताना एक टाका घालायचा, एक जागा सोडायची. टोकाला पोचलं की त्याच वाटेनं परत यायचं आणि सोडलेल्या जागा भरायच्या. दोऱ्याचं शेपूट बोटानं दाबून धरायचं, आणि पुढच्या टाक्यांखाली हळूच लपवायचं. फार हळू चालणारं काम, पण जिऊचा हात सराईत होता. एकेक पाकळी उमलू लागली. काळ्याभोर कापडावर ते फिकट फूल असं खुललं, की आई मिटलेला हात मांडीवर ठेवून बघतच राहिली.

"पाकळीचं टोक जरा खाली वळव," ती म्हणाली. "अनंताची पाकळी ताठ उभी नसते, बाळ."

जिऊनं टोक वळवलं. फूल झालं. मग चांदण्या सुरू झाल्या, छोट्या, आठ कोनांच्या, रुपेरी रुपेरी. दुपार कलली. बऱ्याचशा चांदण्या झाल्या, आणि तेवढ्यात कुंपणावरून भिवराकाकूंचं डोकं वर आलं.

"काय गं, काय भरतेस एवढं? ती चिंधी भरून आईचा हात सुधारणार आहे होय? तुळसाची बोटं आता उघडायची नाहीत, लिहून ठेव!"

आई आत निघून गेली. तिची पाठ थरथरत होती, ते जिऊनं पाहिलं आणि तिला असा संताप आला, असा संताप आला, की डोळ्यांपुढचं कापड धूसर झालं. नवा दोरा ओवला होता. शेपूट लपवत बसायचा धीर तिला राहिला नाही. मागची बाजू कोण बघतंय? आणि मागची बाजू तर त्या काकूंचीच! "घ्या तुम्हाला," असं पुटपुटत तिनं मागच्या बाजूला गच्च गाठ मारली.

त्याच क्षणी पलीकडून किंकाळी आली. "अगं आई गं! माझं बोट!"

जिऊ धावत कुंपणाशी गेली. भिवराकाकू पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्या उजव्या हाताचं एक बोट तळव्यात दुमडलं होतं, अगदी आईच्या बोटांसारखं. पुढ्यात एक काळं लुगडं पडलं होतं आणि त्यावरचे टाके सगळे वेडेवाकडे होते. काकू दुसऱ्या हातानं बोट सरळ करू पाहत होत्या, पण तो हातही लटलटा कापत होता.

"काकू, तुमचे हात असे का कापतात?"

काकूंनी हात पदराखाली लपवले. मग त्यांचा बांधच फुटला. "वर्षापासून कापतात गं. सुई धरवत नाही. कुणाला सांगितलं नाही मी. सांगितलं तर मलाही लोक तुळसासारखंच म्हणतील, हात गेला म्हणून. आणि आता तर हे बोटही गेलं!"

तुळसाला तसं म्हणणारी दुसरी तिसरी कुणी नव्हती, काकू स्वतःच होत्या. पण ते बोलून दाखवावं असं जिऊला वाटेना. तिला स्वतःचीच लाज वाटत होती. आईचं दुखणं तिनं रोज डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि तेच दुखणं तिनं हातानं गाठ मारून दुसऱ्याला दिलं होतं.

"थांबा काकू. तुमचं बोट उघडेल," ती म्हणाली आणि पळत येऊन कापडाशी बसली.

रागानं मारलेली गाठ सहजी सुटते थोडीच! दोरा कापला तर सगळंच उसवलं असतं. जिऊनं सुईचं टोक गाठीत घातलं, ढिलं केलं, पुन्हा घातलं. गाठ हूं की चूं करेना. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं, भिंतीवरून छपरावर गेलं. चांदण्या अजून राहिल्याच होत्या. आता भरायला घेतलं तर पुरं होईल, हे जिऊला पक्कं माहीत होतं. गाठ सोडवत बसलं तर नाही होणार, हेही माहीत होतं. तिनं आत आईकडे पाहिलं. तिला रडू आलं. डोळे पुसून ती पुन्हा गाठीवर वाकली.

सूर्य डोंगराला टेकला तेव्हा गाठ सुटली. पलीकडून आवाज आला, "सुटलं गं बाई, सुटलं!"

जिऊनं शेपूट बोटानं दाबून पुन्हा पहिल्यापासून टाका घातला. सूर्य बुडाला. तिनं वर बघितलंच नाही. बघून काय करायचं? हाती घेतलेलं काम पुरं तर करायचंच. फिकट दोरा अंधारात स्वतःच मंद उजळत होता, आणि त्या उजेडात तिची सुई जात होती, येत होती.

इकडे गावात गडबड उडाली. गुरं घेऊन परतणारे गुराखी माना वर करून उभे राहिले. "आभाळ स्वच्छ आहे, ढगाचा ठिपका नाही, मग एकही चांदणी कशी नाही?" अंगणात दिवा लावणाऱ्या बायका म्हणाल्या, "आज आभाळ विसरलं की काय?" सगळं आभाळ जिऊच्या उरलेल्या कापडासारखं कोरं, काळं कुळकुळीत!

शेवटच्या चांदणीचा शेवटचा टाका पडला. सुई निघाली होती तिथंच परत आली.

आणि वर पहिली चांदणी चमकली. मग दुसरी, मग मूठभर, मग लाखो लाखो, चमचम, लुकलुक! दारात चांदणपरी उभी होती.

"उशीर झाला ना गं मला?" जिऊनं विचारलं.

"कुठं झाला? खरी चांदणी उगवायच्या आत, एवढंच ठरलं होतं. त्या उगवल्याच नाहीत. तू कुणाची तरी गाठ सोडवत होतीस, हे त्यांना वरून दिसत होतं. एकीचाही पाय पुढे पडेना."

परीनं जिऊच्या नाकाच्या शेंड्यावर एक टिचकी मारली. मग ती रुपेरी, दुधाळ, झगझगीत प्रकाश झाली. सारं घर उजळून गेलं, आणि प्रकाश विरला तेव्हा दारात कुणी नव्हतं.

आत आई हाताकडे बघत होती. करंगळी हलली. शेजारचं बोट उघडलं. मग मधलं, मग अंगठ्याजवळचं, आणि शेवटी अंगठा. पलीकडून भिवराकाकू हाका मारत होत्या, "तुळसा, अगं बघ तरी! सुईत दोरा ओवला मी, पहिल्या फटक्यात!" पण तुळसाला आत्ता काही ऐकू येत नव्हतं. तिनं आपला उजवा हात जिऊच्या गालावर ठेवला. ऊबदार, सपाट, पाचही बोटं उघडलेला हात. जिऊनं तो दोन्ही हातांनी गालाशी दाबून धरला, आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

आईचा हात जसा जिऊला पावला, भिवराकाकूंना त्यांचा स्वतःचा पावला, तसा तो तुम्हाला पावो, आणि ज्याच्यावर तुम्ही रुसला आहात त्यालाही पावो.