कागदाचा पीळ

खाऊचे कागद बोलायचे, तेव्हाची ही गोष्ट. गोळ्यांच्या कारखान्यात लाकडाच्या लगद्यापासून बनवलेला एक पारदर्शक कागद होता. आपल्या ताठपणाचा त्याला भारी तोरा.

"तुझे धागे एकमेकांचे हात फार घट्ट धरून बसलेत," शेजारच्या बरणीतली ग्लिसरीन त्याला म्हणाली. "मला जरा मधे बसू दे."

"म्हणजे आमची ताटातूट करायची! काही नको," कागद फणकारला.

तेवढ्यात त्याच्या भावंडांना गोळ्यांभोवती गुंडाळून पीळ द्यायला घेतलं, तर एकेक तडकन फाटलं. पुढची पाळी त्याची होती.

"ये बाई लवकर!" तो म्हणाला.

ग्लिसरीनचे थोडे थेंब त्याच्यात मुरले. धाग्यांना हलायला जागा झाली आणि कागदाने संत्र्याच्या गोळीभोवती असा झोकात पीळ घेतला, की तो सुटेना.

"अगं, काय मजा आहे! अजून ये ना!"

बरणीतली उरलेली ग्लिसरीन जागची हलली नाही. "आता आले तर तू चिकट, लिबलिबीत होशील. पीळसुद्धा धरणार नाहीस. हात सैल करायचे होते रे, सोडवायचे नव्हते."