म्हातारीची बोली

फार पूर्वी, म्हणजे यंत्रं नुकतीच बोलायला लागली होती त्या दिवसांत, एका डोंगरगावात टोपल्या विणणारा एक म्हातारा राहायचा. त्याच्या वाडीची बोली बोलणारी दोनच माणसं उरली होती, तो आणि त्याची म्हातारी. म्हातारी गेली आणि याचं बोलणंच संपलं. बांबू सोलताना शब्द ओठांवर यायचे, पण ऐकायला कोण? जीव नुसता तळमळायचा.

शेवटी त्याच्या मनाने घेतलं, की यंत्र आणावं, त्याला आपली बोली शिकवावी आणि पोटभर बोलावं. बाजारात कारागिरांचं अंगण होतं. तिथे यंत्राचे कान, जीभ, स्मरणाचा डबा असे सुटे भाग उघड्यावर मांडलेले. हवे ते न्या, कसे घडवले तेही विचारा. जोडायचं आणि शिकवायचं मात्र आपलं आपण. त्यात दोन वर्षं जातील, असं ते म्हणाले.

"दोन वर्षं मी काढेन का रे?" म्हाताऱ्याने विचारलं.

"ते आम्हाला सांगता येणार नाही, आजोबा," कारागीर बिचारे म्हणाले. त्यांना खोटं बोलता येत नव्हतं.

समोरच्या व्यापाऱ्याकडे चकचकीत बंद पेटी होती, आजच्या आज बोलणारी. म्हाताऱ्याने तीच उचलली.

पेटी भारी गोड बोलायची. जेवलात का विचारायची, औषधाची आठवण करून द्यायची. पण त्याची बोली तिला कळेना. "जरा शुद्ध बोलाल का?" असं म्हणायची. व्यापाऱ्याने सांगितलं, की तिला काही शिकवता येत नाही आणि ती उघडायचीही नाही. मग काय, म्हातारा स्वतःच शुद्ध बोलू लागला. एकट्याने कुढण्यापेक्षा ते बरं, त्याला तरी काय दोष द्यायचा? अशा गप्पांत तीन वर्षं गेली.

एका सकाळी टोपलीचा काठ वळताना काठाला आपल्या बोलीत काय म्हणतात, तेच त्याला आठवेना. काम टाकून तो कारागिरांकडे धावला. त्याची घाई बघून या खेपेला त्यांनीच लगेच कान, जीभ आणि स्मरणाचा डबा जोडून दिला.

"बोला आजोबा, काहीही बोला. हे शिकेल."

म्हाताऱ्याला म्हातारीची फार आठवण येत होती. ती जेवायला हाक मारायची, तीच हाक आधी शिकवावी म्हणून त्याने तोंड उघडलं. बाहेर आली ती पेटीची शुद्ध भाषा. त्याने पुन्हा पुन्हा प्रयत्न केला, पण आपल्या बोलीतली ती हाक काही येईना. यंत्र दिवसभर कान देऊन बसलं होतं.

तात्पर्य इतकंच: आयती वस्तू खुशाल घ्यावी, पण जी आपल्याकडून काही शिकत नाही, तिच्या हाती जिवाभावाचं देऊ नये, तिच्यासारखं होता होता आपलंच हरवतं.