राजतळ्यातले तांबडे झिंगे

पूर्वी रोहितक नगरात राजा अरिंदम राज्य करीत असताना बोधिसत्त्व तिथल्या एका व्यापाऱ्याच्या घरी जन्मले होते. डोंगरातल्या ओढ्याचे तांबडे झिंगे राजाच्या मनात भरले होते. ध्वजोत्सवाला ते आपल्या तळ्यात फिरताना दिसावेत, अशी त्याची हौस. पण जो जो आणायला गेला, त्याच्या घड्यांतून मेलेलेच निघाले. शेवटी राजाने जाहीर केले, जिवंत आणील त्याला नगरश्रेष्ठी करीन.

बोधिसत्त्व ओढ्यावर गेले. पण झिंगे न धरता काठावर बसून राहिले. एवढासा जीव, वाटेत मरतो तरी कशाने? पाहता पाहता ध्यानात आले, की झिंगा सदा कशाला तरी धरून असतो. मोकळ्या घड्यात तो नुसता हेलकावे खाऊन थकत असणार. म्हणून त्यांनी घड्यांत शेवाळ घातले. पाणी अर्धेच भरून वर हवा राहू दिली. पाणी घाण होऊ नये म्हणून निघण्याआधी झिंग्यांना खायला दिले नाही. मग घड्यांना ओली फडकी गुंडाळून कावडी सावलीसावलीने, सावकाश आणल्या.

ते तळ्यावर पोचले तेव्हा नगारे वाजू लागले होते. जिवंत झिंगे पाहून राजा हरखला. “सोड, सोड लवकर!”

“महाराज, या पाण्याची त्यांना सवय नाही. थोडं थांबावं लागेल.”

“पाणी ते पाणी!” म्हणत राजाने एक घडा उचलून तळ्यात रिकामा केला. झिंगे तडफडले आणि सर्वांदेखत तळाशी निपचित पडले.

राजाने दुसऱ्या घड्याला हात घातला, तोच बोधिसत्त्वांनी घड्याच्या तोंडावर तळहात ठेवला.

“श्रेष्ठीपद नको तुला?”

“नको, महाराज. हे जगू देत.”

राजा त्या हाताकडे पाहतच राहिला. रागाऐवजी त्याला नवल वाटले. “मग दाखव, काय करायचं ते.”

बोधिसत्त्वांनी त्याच्या हाती शिंपला दिला. मुकुट बाजूला ठेवून राजा पायरीवर बसला आणि तळ्याचे पाणी थोडेथोडे घड्यात घालू लागला. मुहूर्त टळला. लोक कंटाळून घरी गेले. उन्हे कलली तेव्हा बोधिसत्त्वांनी घडा पाण्यात आडवा केला. बराच वेळ काहीच दिसेना. मग एक झिंगा घड्याच्या काठाशी आला, मिशांनी नवे पाणी चाचपले आणि पोहत निघाला. त्याच्यामागून बाकीचे.

“गेला!” राजा पुटपुटला.

ही पूर्वजन्मीची कथा सांगून शास्ता बुद्ध म्हणाले, “भिक्षूंनो, तो राजा म्हणजे ध्यानाला बसताच फळ मागणारा हा आपला भिक्षू सुबंधू. व्यापारी मीच होतो. दयेला जो धीर लागतो, तीच क्षांती.”